कापसाच्या खोलीतली बॅटरी

आमच्या घरी दिवाळीत पणती सगळीकडे जाते. तुळशीपाशी, गोठ्यात, उकिरड्यावर, विहिरीच्या काठावर, एखाद्या वर्षी ट्रॅक्टरच्या बोनेटवरसुद्धा. फक्त मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी आलं की मोठमाय आतून ओरडते, "दिवा तठेच ठेव. मझार कापूस शे." पारोळा तालुक्यातल्या कोरडवाहू गावात दिवाळी म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वेचणीचे दिवस. कापूस घरात येतो आणि माणसं ओसरीवर जातात. त्या खोलीत उदबत्ती लागत नाही. विडी ओढणारा पाहुणा ओट्याखाली उतरून ओढतो. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण चुकतही नाही.

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्याच खोलीत, कापसाच्या ढिगापासून हातभर अंतरावर, एक लाल दिवा रात्रभर जळत होता. फवारणी पंपाच्या बॅटरीचा चार्जर. पॉइंट तिथेच होता म्हणून तिथे लावलेला. पणतीला मज्जाव करणाऱ्या मोठमायला तो दिवा दिवा वाटला नाही. मलाही वाटला नाही, आणि ती बॅटरी तर मीच घरी बनवलेली होती.

जळगावहून धुळ्याकडे निघालं की पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मधूनमधून मका. या पट्ट्यात लिथियम बॅटरी इलेक्ट्रिक स्कूटरमधून आली असं शहरातल्या माणसाला वाटेल. ती आली फवारणी पंपातून. आधी हाताने दांडा मारायचा पंप होता, मग बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर चालणारा 'चार्जिंगचा पंप' आला. सोळा लिटरची टाकी पाठीवर म्हणजे सोळा किलो पाणी, वर पंपाचं वजन, वर तीन-चार किलोची बॅटरी. दोन हंगामांत ती बसते. पहिल्या वर्षी वीस टाक्या मारणारी बॅटरी तिसऱ्या वर्षी सहाव्या टाकीला धापा टाकते. मग गावातला एखादा आयटीआय झालेला मुलगा सांगतो की दादा, लिथियम टाकून घ्या, वजन निम्म्याहून कमी होईल आणि बॅकअप दुप्पट. त्याचं म्हणणं खोटं नसतं.

पंपानंतर बाकीच्या वस्तू आल्या. रात्री कपाशीला, केळीला पाणी भरताना डोक्याला लावायचा टॉर्च. शेतीपंपाला महावितरणची थ्री-फेज वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास मिळते, त्यामुळे रात्रीचा उजेड ही इथे चैन नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याची दहशत होती, तेव्हापासून तर शेतावर जाणारा माणूस टॉर्चची बॅटरी आधी बघतो आणि चप्पल नंतर. रानडुकरांसाठी तारेच्या कुंपणाचं झटका मशीन. आठवडे बाजारात भाजीच्या गाडीवर लटकणारी एलईडीची पट्टी. भंगार घेणाऱ्याच्या रिक्षावरचा भोंगा. या प्रत्येक वस्तूच्या पोटात एक छोटा निळा गठ्ठा असतो. प्लास्टिकच्या नळीत आवळलेला, दोन वायरी बाहेर काढलेला. त्यातले किती कारखान्यात बनलेले आणि किती घराच्या ओसरीवर, हे बाहेरून कळायला मार्ग नाही, कारण दोघांवरही निळी नळी सारखीच चढते.

त्या नळीच्या आत काय असतं ते एकदा उघडून बघण्यासारखं आहे. हाताच्या अंगठ्यापेक्षा थोडे मोठे, लोखंडी डबीतले सेल. सगळ्यांत चालणाऱ्या सेलला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हेच सेल असत. बाजारात सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन सेल आणला, त्यामागच्या संशोधनाला २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो हे ते तिघं. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. गुडइनफ यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत अक्षयकुमार पाढी आणि नंजुंडस्वामी या भारतीय नावांच्या संशोधकांनी त्यांच्यासोबत लोह आणि फॉस्फेट वापरून वेगळा सेल दाखवला, त्याचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्याला आज एलएफपी म्हणतात. बाजारात तो बहुधा जाड, ३२ मिलिमीटर व्यासाचा मिळतो. एकेक सेल सहा एएचचा, म्हणजे सहा अँपिअर-तासांचा. पारोळ्याच्या शेतकऱ्याला या दोन सेलांतला फरक का कळायला हवा, ते मला माझ्या चुकीतून कळलं.

माझा पहिला गठ्ठा १८६५०चा होता. पाच सेल शेजारी-शेजारी जोडून एक रांग, अशा तीन रांगा एकापुढे एक. एकूण पंधरा सेल, सात-आठशे ग्रॅम वजन, साडेबारा एएच. घरच्यांनी हातात घेऊन बघितला आणि हसले, एवढाच? या सेलचा भरलेला व्होल्टेज ४.२ असतो. तीन रांगांचा मिळून १२.६. याच्या वर तो जाता कामा नये. पण पंपासोबत आलेला जुना चार्जर लेड-ॲसिडसाठीचा होता. तो १४.४ व्होल्टपर्यंत ढकलतो, आणि स्वस्तातला असला तर थांबतही नाही. १४.४ला तिनाने भागा. प्रत्येक रांगेवर ४.८. हा भागाकार पाचवीतल्या मुलाला येतो. मी केला नव्हता. पिन बसली, लाल दिवा लागला, एवढ्यावर मी खूश होतो.

मधे एक हिरवी पट्टी होती म्हणून घर वाचलं. तिला सगळे बीएमएस म्हणतात. तिचं काम व्होल्टेज जास्त झालं की तोडणं, कमी झालं की तोडणं, आणि वायर वायरीला टेकली की क्षणात तोडणं. पाच-सहा वेळा तिने इमानाने तोडलं असणार. चार्जर चालू, पट्टीने दार लावलेलं, रात्रभर तसंच. सातव्या-आठव्या वेळी तिच्यावरचा एक काळा चिमुकला ट्रान्झिस्टर आतून चिकटला. ते बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा दार उघडं राहूनच बिघडतात, आणि हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पहाटे वास आला. जळका नाही, गुळचट, नेलपॉलिशसारखा. निळी नळी एका बाजूने टरटरून फुगली होती. काकांनी बटण बंद केलं, पंप तसाच्या तसा उचलला आणि खळ्यात नेऊन ठेवला. आज विचार केला तर पंप उचलायलाही नको होता, पण कापसाच्या खोलीत तो राहू द्यायचा कसा? दिवसभर आम्ही लांबून त्याच्याकडे बघत बसलो. काही झालं नाही. मोठमाय एवढंच म्हणाली की लाल दिवा दिसतो तेवढा साधा नसतो. तिने चार्जरला पुन्हा त्या खोलीत येऊ दिलं नाही.

पट्टी कुठल्या दुकानातली होती ते सांगत नाही. दोष दुकानाचा असेल, पण भागाकार मीच केला नव्हता.

त्यानंतर मी हा विषय नीट धरला. धुळ्याला पाच कंदीलच्या बाजारात, जळगावला गोलाणी मार्केटच्या जिन्यांवरून वरखाली करताना, दुरुस्ती करणाऱ्या पोरांच्या टेबलाशी उभं राहून बघत गेलो. हात किती सफाईचे! निकेलची पट्टी सेलवर धरून स्पॉट मारायचा, टक् टक्, दोन ठिपके, पुढचा सेल. सोल्डरिंगची गन सेलला लावत नाहीत, कारण तेवढ्या वेळात आतला प्लास्टिकचा पडदा तापतो. हे त्यांना पक्कं माहीत. पण पट्टी निकेलची आहे की निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, हे बघणारे कमी. ओळखायची युक्ती सोपी आहे. पट्टीला ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवायची, गंजली तर लोखंड. लोखंडाचा रोध जास्त, ती पट्टी तापते, आणि तापलेली पट्टी सेलच्या डोक्याला चिकटलेली असते.

डोक्याचीच गोष्ट सांगितली पाहिजे, कारण घरी बनवलेल्या गठ्ठ्यातली सगळ्यांत न दिसणारी चूक तिथे होते. १८६५०ची सगळी लोखंडी डबी ऋण असते. तळही ऋण, अंगही ऋण, आणि वर धन टोकाच्या भोवतीची कडासुद्धा ऋण. धन आणि ऋण यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचं अंतर आणि वर कागदासारखं प्लास्टिकचं वेष्टन, बस. पट्टी त्या कडेवरून जाते. पंप पाठीवर हिंदकळतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपटतो, वेष्टन घासून जातं आणि एक दिवस पट्टी कडेला टेकते. ही टक्कर बीएमएसच्या अलीकडे होते, त्या हिरव्या पट्टीला ती दिसतच नाही. उपाय म्हणजे धन टोकाभोवती जाड कागदाची एक वाटोळी चकती. काही पैशांची वस्तू. दुकानात 'इन्सुलेटर रिंग' किंवा 'बार्ली पेपर' मागितला की मिळतो. दुसरा उपाय म्हणजे सेल एकमेकांना न चिकटवता प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवणं, म्हणजे मधे वारा राहतो आणि एक सेल बिघडला तरी शेजारच्याला लगेच चटका बसत नाही. तिसरा, मोटरसायकलला असतो तसा पंधरा अँपिअरचा फ्यूज धनाच्या वायरवर, गठ्ठ्याच्या जितक्या जवळ घालता येईल तितका. फवारणी पंपाची मोटर तीन-चार अँपिअर खाते. त्याहून कितीतरी जास्त प्रवाह निघाला तर तो पाण्यासाठी निघालेला नाही, हे उघड आहे. बीएमएस असताना फ्यूज कशाला, असं विचारणाऱ्याला मी माझ्या चिकटलेल्या ट्रान्झिस्टरची गोष्ट सांगतो.

आता बीएमएसबद्दल. ते समजावताना मी वाफ्यांचं सांगतो, कारण ते इथे सगळ्यांना कळतं. पाटाला पाणी सोडलं की चार वाफे सारखे भरत नाहीत. एक आधी भरतो. बारं देणारा माणूस फावडं घेऊन तिथे नसेल तर भरलेला वाफा फुटतो आणि पलीकडचा कोरडाच राहतो. रांगेतल्या सेलांचं तसंच आहे. एक थकलेली रांग लवकर भरते, लवकर रिकामी होते. चार्जर बाहेरून फक्त एकूण बेरीज बघतो, त्याला १२.६ दिसतात आणि तो समाधानी. आत एक रांग ४.४वर आणि दुसरी ४.१वर बसलेली असते. म्हणून बीएमएसला प्रत्येक रांगेची वेगळी वायर द्यावी लागते. चांगल्या पट्टीत बॅलन्सिंग असतं, म्हणजे भरलेल्या रांगेतलं थोडं थोडं पाणी ती बाजूला सोडते. फार थोडं, पन्नास-साठ मिलिअँपिअर. रात्रभरात एखादी बादली म्हणा. रांगांमध्ये मुळातच मोठी तफावत असेल तर तेवढ्याने भागत नाही. स्वस्तातल्या पुष्कळ पट्ट्यांवर बॅलन्सिंगचे तुकडेच बसवलेले नसतात, फक्त जागा असते. सुटी घेताना पट्टीवर रांगांइतके छोटे रेझिस्टर दिसतात का, ते डोळ्यांनी बघून घ्यावं.

जुन्या सेलांचं काय? जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल वापरूच नयेत असं म्हणणारे बरेच आहेत. मी तेवढा कडक नाही, पण माझे नियम आहेत. मीटरवर दोन व्होल्टच्या खाली आढळलेला सेल सरळ बाद. इतका खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि नंतर चार्ज करताना त्याचे काटे नको तिथे उगवतात. वरून तो सेल ठणठणीत दिसतो, हीच त्याची खोड. बाकीचे पूर्ण भरून दोन आठवडे फळीवर ठेवायचे आणि पुन्हा मोजायचे. ज्याचा व्होल्टेज आपोआप उतरला, तो बाद. मग ताकदीप्रमाणे जोड्या लावायच्या. नांगराला एका बाजूला तरणा बैल आणि दुसऱ्या बाजूला म्हातारा कुणी जुंपत नाही, जुंपला तर मरतो म्हातारा.

नव्या सेलांत वेगळी फसवणूक आहे. सेलवर ९९०० छापलेलं असतं. या आकाराच्या डबीत चांगल्या कंपन्या २००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास भरतात, त्याच्या तिप्पट कुणीच भरू शकत नाही. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं. खोटा वजनात फार हलका निघतो, काहींच्या पोटात तर लहान सेल आणि बाकी पावडर असते. जळगाव सोन्याचं गाव. सराफाचा काटा या कामाला फार उपयोगी आहे, फक्त सराफ ओळखीचा हवा. माझ्या एका ओळखीच्या पेढीत वीस सेल तोलून घेतले तेव्हा काउंटरवरच्या बाईंना वाटलं मी चांदीच्या नळ्या मोडायला आणल्या आहेत. विसातले सहा हलके निघाले.

आणि मग ऊन. या सगळ्या गोष्टी पुण्यालाही लागू आहेत. ऊन आमचंच.

लिथियम सेलच्या माहितीपत्रकात एक ओळ जवळपास सारखी असते: चार्जिंग शून्य ते ४५ अंश, वापर उणे २० ते ६० अंश. जळगाव-भुसावळला मे महिन्यात हवेचाच पारा ४५च्या वर जाणं नवं नाही, आणि हवामान खात्याचा पारा सावलीतला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्याहून किती जास्त असेल ते तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने, दुपारी, आमच्या शेडमध्ये कुठलाही लिथियम सेल चार्ज करायच्या लायकीचा नसतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की सेल साधारण दुपटीने म्हातारा होतो, असा एक ठोकताळा आहे. म्हणून इथल्या गठ्ठ्याला बीएमएससोबत तापमानाचा छोटा सेन्सर लागतोच. थर्मिस्टर म्हणतात त्याला, मिरीएवढा असतो. सेलांच्या मधोमध चिकटवायचा, कडेला नाही. बऱ्याच पट्ट्यांवर तो नसतो. सेन्सर नसेल तर वेळ हाच सेन्सर. मोठमायच्या जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड माळा आहे. खान्देशात ही धाब्याची घरं उन्हासाठीच बांधली. तिथे मे महिन्याच्या रात्री हात लावला तर भिंत गार लागते. चार्जिंग करायचंच तर अशा जागी आणि पहाटे.

फवारणी करून आलेला गठ्ठाही लगेच चार्जरला लावायचा नाही. उन्हातून आलेल्या माणसाला आपण लगेच तांब्याभर गार पाणी देत नाही, आधी सावलीत बसवतो, गुळाचा खडा देतो, मग पाणी. बॅटरीला अर्धा तास सावली पुरते. गूळ लागत नाही.

हंगाम संपल्यावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. फवारणी साधारण जून ते ऑक्टोबर. मग पंप अडगळीत जातो तो पुढच्या पेरणीपर्यंत. कुणी बॅटरी पूर्ण भरून ठेवतो, कुणी पूर्ण रिकामी. दोन्ही चूक. भरलेली उन्हाळ्यात लवकर झिजते. रिकामीचे सेल तर बीएमएसच्या स्वतःच्या किरकोळ खाण्यानेही दोन व्होल्टच्या खाली जातात, आणि मग त्या तांब्याच्या काट्यांची गोष्ट सुरू होते. अर्धी भरून ठेवायची. आमच्याकडे आता नियम असा की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकदा मीटर लावायचा. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आणि ओसरीच्या कोपऱ्यात मी निळे गठ्ठे घेऊन बसलेला असतो. घरच्यांनी याची टिंगल करून करून आता सोडून दिली.

पहिल्या गठ्ठ्याच्या जागी मी जाड एलएफपीचे आठ सेल लावले. दोन-दोन शेजारी, अशा चार रांगा. बारा एएच. वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे आधीच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त आणि लेड-ॲसिडपेक्षा फार कमी. याच्या एका सेलचा भरलेला व्होल्टेज ३.६५, चारांचा १४.६. आता जुन्या चार्जरचे १४.४ चाराने भागा. ३.६ येतात. चुकून कुणी जुना चार्जर लावला तर गठ्ठा फुगत नाही. घरात सहा माणसं आणि तीन चार्जर असतील तर चूक होणारच, म्हणून चूक झाली तरी निभावेल असा सेल निवडायचा, असं माझं मत आहे. तरी मी १४.६चा वेगळा चार्जर घेतला आणि जुना चार्जर दाराच्या खुंटीवरून उतरवून टाकला. दुसरा फायदा आतला आहे. साध्या लिथियम सेलमधला पडदा १३० अंशांच्या सुमाराला वितळतो, त्यापुढे सेल स्वतःच्या पोटातून प्राणवायू सोडू लागतो आणि आग बाहेरच्या हवेवर अवलंबून राहत नाही. एलएफपीमध्ये तो प्राणवायू फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो, सहज सुटत नाही. म्हणून तो न जळणारा होत नाही. भडकला तर त्यातूनही ज्वलनशील वायू निघतो. फक्त तो भडकायला जास्त काही व्हावं लागतं.

झटका मशीनवाल्यांना आणखी एक सांगायला हवं. ते बॅटरीला छोटं सोलर पॅनल थेट जोडतात. 'बारा व्होल्टचं' पॅनल उन्हात मोकळं मोजलं तर वीस-एकवीस व्होल्ट दाखवतं. लेड-ॲसिडने ते वर्षानुवर्षं सोसलं. लिथियमच्या गठ्ठ्यात तो सगळा भार पुन्हा त्या एका हिरव्या पट्टीवर येतो, रोज दुपारी, कुणी बघत नसताना. मधे चार्ज कंट्रोलर हवाच, आणि तो लिथियमसाठी सेट केलेला हवा.

हे सगळं फार बारीक वाटत असेल तर २०२२ साल आठवून बघावं. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ घराघरांत पोहोचला. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि त्या खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला, काही दिवसांनी गेला. त्याच वर्षी केंद्र सरकारने वाहनांच्या बॅटरीचे एआयएस-१५६ हे नियम कडक केले. ते दोन टप्प्यांत लागू झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३. सेलांमध्ये अंतर, दाब बाहेर पडायला वाट, सुधारित बीएमएस. नियमांत ज्या गोष्टी आल्या त्यांतल्या बऱ्याच वर आल्या आहेत. पण ते नियम वाहन बनवणाऱ्या कारखान्यांना. ओसरीवर बनणाऱ्या फवारणी पंपाच्या गठ्ठ्याला ना नियम ना तपासणी.

आणि नेमक्या त्याच वर्षी कापूस घरात अडकला. २०२१-२२च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या वर्षी लोकांनी त्याच आशेवर कापूस विकला नाही. हमीभाव लांब धाग्याला ६३८०, बाजारात त्याहून जास्त, पण दहा हजार काही दिसेनात. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. कापूस खोल्यांत तसाच. घरातल्यांना त्याच्या किड्यांनी खाज सुटली, पोरांच्या अंगावर पुरळ उठलं, तरी वाट बघणं चालू. आखाजीपर्यंत कितीतरी घरांत एका खोलीत कापूस, त्याच खोलीत एकमेव बटणाचा पॉइंट, आणि त्या पॉइंटला लागलेला कुठला ना कुठला चार्जर. बाहेर ४४ अंश. जिनिंगमध्ये काम केलेला माणूस सांगेल, कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आतून चालत राहते. दोन दिवसांनी ढीग उपसला की पुन्हा धूर.

म्हणून मला जर कुणी विचारलं की घरच्या गठ्ठ्याचं पहिलं संरक्षण कोणतं, तर मी बीएमएसचं नाव घेत नाही. जागा. कापूस, कडबा, पेट्रोलचा डबा, झोपायची खाट यांच्यापासून लांब, फरशीवर किंवा दगडावर, माणसं जागी असताना. आमच्याकडे काकांनी ओट्याच्या कोपऱ्यात एक वेगळा पॉइंट काढून घेतला. वायरमनने दोन तास घेतले. खाली जुन्या पाट्याचा दगड आहे, त्यावर पंप. चार्जिंग लावलं की कुणीतरी ओट्यावर असायला हवं, आणि खान्देशात संध्याकाळी ओट्यावर कुणी नाही असं होत नाही. गठ्ठा फुगला, वास आला, फुसफुसला तर हात लावायचा नाही. मुख्य स्विच पाडायचा, पोरांना बाहेर काढायचं, धुरापासून लांब जायचं, कारण तो धूर विषारी असतो. वीज तोडल्यावर लांबून भरपूर पाणी मारायचं. लिथियम म्हणजे पाण्याने भडकणार असा एक समज आहे, पण या सेलांमध्ये धातूरूपातलं लिथियम जवळपास नसतं, आणि खरा शत्रू उष्णता असते. तांब्याभर पाण्याने काही होत नाही. पाइप लावता आला तर लावायचा आणि १०१ला फोन करायचा.

माझे ते पहिले पंधरा सेल अजून आहेत. त्यांचं काय करायचं हेच मला सुटलेलं नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये बॅटरी कचऱ्याचे नियम निघाले, बनवणाऱ्याने जुना माल परत घ्यायचा असं त्यांत आहे. पण ओसरीवर बनवलेल्या गठ्ठ्याचा बनवणारा मीच. गावात येणारा भंगारवाला ते लेड-ॲसिडसारखं वजनावर घ्यायला तयार होता, पण तो माल पायाने चेपून पोत्यात भरतो, म्हणून मी दिले नाहीत. उकिरड्यावर टाकता येत नाहीत, शेकोटीत तर नाहीच. शेवटी प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वाळूच्या थरात घातले, आणि डबा शेताच्या बांधावर बाभळीखाली फरशीवर ठेवला, घरापासून लांब. जळगावला कुठल्या संकलन केंद्रात घेतात का, याची चौकशी चालू आहे. गेल्या आखाजीला मोठमाय माहेरवाशिणींना शेत दाखवायला घेऊन गेली होती. परत आल्यावर तिने विचारलं, "त्या डबामां काय शे?" मी सांगितलं. ती म्हणाली, पावसाळ्याआधी त्यावर कौल झाक. मी झाकलं.